हेक्समध्ये ब्रिज जमला, तरी काठावर डाव का जातो?

हेक्स म्हणजे षटकोनी घरांच्या पटावरचा दोघांचा खेळ, आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची आणि आपले समोरासमोरचे दोन काठ सोंगट्यांच्या सलग साखळीने जोडायचे. हे अगदी नवशिक्यांसाठी नाहीये, आधीच सांगते. नियम माहितीयत, पाचपन्नास डाव खेळून झालेत, ब्रिज म्हणजे काय ते कळलंय, घरातल्यांना हरवता येतं, पण ऑनलाइन जरा बरा खेळाडू समोर आला की मधे सगळं छान चाललेलं असतं आणि शेवटच्या तीन ओळींत अचानक डाव हातातून जातो, आणि गेला कुठे तेच कळत नाही, अशा लोकांसाठी हे आहे. मी स्वतः या टप्प्यावर दीडेक वर्ष अडकले होते. मला वाटायचं मी मधे कमी पडते म्हणून मधल्या चालींवरच डोकं लावायचे, घोडं अडलं होतं काठावर.

आधी नकाशा ठरवून घेऊ म्हणजे पुढे गोंधळ नको. पट ११ बाय ११ चा. डावीकडून उजवीकडे ए ते के, वरून खाली १ ते ११, आणि प्रत्येक खालची ओळ वरच्यापेक्षा अर्धं घर उजवीकडे सरकलेली. लाल वरून खाली जोडतो, निळा डावीकडून उजवीकडे. मधलं घर एफ६, त्याचे सहा शेजारी म्हणजे ई६, जी६, एफ५, जी५, ई७, एफ७. हे एकदा कागदावर काढाच, नाहीतर पुढचं वाचून डोक्यात नुसती अक्षरं फिरतील. ए१ आणि के११ हे टोकदार कोपरे, के१ आणि ए११ हे पसरट.

ब्रिज माहितीये असं मी धरलंय तरी एकदा बघून घेऊ, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. लालची सोंगटी एफ६ वर आणि दुसरी ई८ वर. दोघींच्या मधे दोन घरं, ई७ आणि एफ७. निळा एकात घुसला की लाल दुसऱ्यात, म्हणजे न जोडताही जोडलेलं. आता त्याच रेषेत खाली डी१०, आणि डी१० च्या खाली काठावरची दोन घरं सी११ आणि डी११, म्हणजे तिथेही तोच प्रकार. वरच्या बाजूला जी४, एच२, आणि एच२ ला काठावर एच१ आणि आय१. म्हणजे एच२, जी४, एफ६, ई८, डी१० अशा फक्त पाच सोंगट्या, आणि मधली घरं रिकामी असतील तर डाव संपलेला आहे, समोरचा पुढे वीस चाली खेळत बसला तरी.

पण कुणीही तुम्हाला या पाच सोंगट्या सरळ रेषेत लावू देणार नाही, हे तुम्हाला माहितीये, म्हणून तर पुढचं सगळं.

एकाच घरावर दोन ब्रिज

मधल्या लेव्हलच्या खेळाडूची सगळ्यात कॉमन चूक म्हणजे प्रत्येक ब्रिज सुटा तपासणं. हा ब्रिज ठीक, तो ब्रिज ठीक, चला म्हणजे साखळी ठीक. नाही ना! दोन ब्रिज एकच घर शेअर करत असतील तर निळा त्या एका घरात बसून दोन्हीकडे एकदम धमकी देतो, आणि तुमच्याकडे चाल एकच असते.

उदाहरण घेऊ. लाल डी७, एफ६ आणि ई८ वर आहे. डी७ वरच्या काठाला पक्की जोडलेली, ई८ खालच्या काठाला पक्की, एफ६ मधला दुवा. डी७ ते एफ६ चा ब्रिज ई६ आणि ई७ वर उभा, एफ६ ते ई८ चा ब्रिज ई७ आणि एफ७ वर उभा. दोन्हीत ई७ आहे. निळा ई७ खेळला की मेलो का? तर गंमत बघा, नाही. कारण डी७ आणि ई८ यांच्यातही आपोआप ब्रिज होतो, ई७ आणि डी८ मधून. त्यामुळे निळा ई७ ला बसला की लाल सरळ डी८ खेळतो आणि वरखाली जोडलं गेलं, एफ६ गेली उडत. हा त्रिकोण आहे, तीन ब्रिज एका घराभोवती, आणि तो तुटत नाही.

आता फक्त एक बदल करा, डी८ वर आधीपासून निळा बसलाय. बस्स. आता ई७ म्हणजे थेट मरण, कारण ई६ आणि एफ७ दोन्ही वाचवायचेत आणि चाल एक. पटावर दिसायला फरक एका सोंगटीचा, तोही बाजूला कुठेतरी पडलेल्या. म्हणून समोरचा एखादी "काहीच करत नाही" वाटणारी चाल तुमच्या साखळीला खेटून खेळला ना, की लगेच बघायचं की त्याने कुठल्या त्रिकोणाची तिसरी बाजू खाल्ली. मी असे किती डाव घालवलेत ते सांगत नाही.

जवळ जाऊन अडवू नका

समोरचा खाली धावतोय, घाबरून आपण त्याच्या नाकासमोर सोंगटी ठेवतो. लाल एफ६ वर, निळा ई७ खेळला. लाल एफ७ किंवा सरळ जी७ ला ब्रिज मारून बाजूने निघून जातो, आणि निळ्याची ई७ मागे राहिली, वरातीमागून घोडं. खेटून अडवणं हे शेजारी दुसरी मदत असेल तरच चालतं.

अडवायचं लांबून. एफ६ च्या बरोब्बर खालची रेषा कुठली, तर ई८ आणि डी१०. ही रेषा डोळ्याला दिसायला वेळ लागतो कारण पट तिरका आहे, अक्षर बदलतं म्हणून आपल्याला वाटतं चाल डावीकडे गेली, पण ती सरळ खालीच असते. तर अडवणारी सोंगटी साधारण दोन-तीन ओळी खाली आणि या रेषेच्या जरा एका अंगाला, म्हणजे डी९ किंवा ई९ अशा ठिकाणी. का एका अंगाला? कारण तुम्ही त्याला पूर्ण थांबवू शकत नाही, तुम्ही फक्त त्याला कुठल्या बाजूला ढकलायचं हे ठरवू शकता. ई९ ला बसलात तर तो डावीकडे वळायला बघेल, डी९ ला बसलात तर उजवीकडे. मग ज्या बाजूला तुमच्या सोंगट्या आधीच पडल्यात त्या बाजूला ढकला. डावीकडे काहीच नाही आणि तरी ई९ खेळलात तर तुम्ही त्याला मोकळं रान दिलंत.

एक गोष्ट मला खूप उशिरा पटली. या खेळात डिफेन्स असं वेगळं काही नसतंच. हेक्समध्ये बरोबरी होऊच शकत नाही, पट भरला की कुणीतरी एकच जोडलेला असतो, त्यामुळे त्याला पूर्ण अडवणं म्हणजेच तुमचं जोडलं जाणं. हे ऐकायला उघड वाटतं पण गणितात ते साधं नाहीये, १९७९ मध्ये गणितज्ञ डेव्हिड गेल यांनी दाखवलं की बरोबरी न होणं आणि ब्राउवरचं फिक्स्ड पॉइंट थिअरम हे गणितातलं नावाजलेलं प्रमेय, या दोन गोष्टी एकमेकींतून सिद्ध करता येतात. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की अडवणारी प्रत्येक चाल खेळताना बघायचं ही माझ्या बाजूला कशाला जोडली जातेय. नुसती अडवते आणि कशालाच जोडत नाही अशी चाल असेल तर नव्वद टक्के वेळा दुसरी चांगली चाल जवळच असते.

काठ, म्हणजे खरा विषय

आता या लेखाचं पोट. काठाकडून मोजलेल्या दुसऱ्या ओळीतली सोंगटी काठाला जोडलेली असते हे सगळ्यांना येतं, खाली दोन घरं मोकळी हवीत इतकंच. तिसऱ्या ओळीतली? इथे बहुतेकांचं उत्तर असतं "जोडलेली असेल बहुतेक". हा बहुतेक काढून टाकायचा.

लाल ई९ वर. खालून तिसरी ओळ. लालचे प्लॅन काय काय आहेत बघू. पहिला, डी१० खेळायचं, मग खाली डी११ आणि सी११ दोन्ही मोकळे. या प्लॅनला लागणारी घरं डी१०, डी११, सी११. दुसरा, एफ१० ला ब्रिज, मग खाली एफ११ आणि ई११. याला लागणारी घरं एफ९, ई१०, एफ१०, एफ११, ई११. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एकही घर कॉमन नाही! म्हणजे निळा कुठेही बसला तरी तो एकच प्लॅन मोडतो आणि लाल दुसरा वापरतो. तेव्हा तिसऱ्या ओळीत दोन घरं, दुसरीत तीन, पहिलीत चार, एवढा पायऱ्यापायऱ्यांचा तुकडा मोकळा असेल तर ई९ ची सोंगटी काठाला शंभर टक्के जोडलेली आहे. याला झिगुरात म्हणतात, त्या जुन्या मेसोपोटेमियातल्या पायऱ्यांच्या मनोऱ्यासारखा आकार म्हणून. आरशात उलटा करून डावीकडेही तसाच होतो, डी९, ई९, खाली सी१०, डी१०, ई१०, खाली बी११ ते ई११.

हे पाठ करा. झोपेतून उठवून विचारलं तरी दिसलं पाहिजे इतकं. चौथ्या ओळीतली एकटी सोंगटीसुद्धा जोडलेली असू शकते पण तिला आजूबाजूला बरीच रुंद मोकळी जागा लागते, आणि ते टेम्प्लेट, म्हणजे पक्क्या जोडणीचा तो ठरलेला आकार, घाईत नीट आठवत नाही, निदान मला तरी. मी चौथ्या ओळीला भरवसा ठेवत नाही, मोजते.

मोजायचं कसं, तर वरच्याच पद्धतीने, आणि ही पद्धत कुठल्याही टेम्प्लेटपेक्षा जास्त कामाची आहे. समोरच्याचे जोडायचे सगळे प्लॅन काढा, प्रत्येकाला लागणारी घरं लिहा, आणि सगळ्या याद्यांमधे कॉमन असलेली घरं शोधा. तुम्हाला डाव वाचवायचा असेल तर चाल त्या कॉमन घरांतच खेळावी लागते, बाहेर कुठेही खेळलात तर एक प्लॅन शिल्लक राहतोच. काहीच कॉमन नसेल तर तिथे सोडून द्या आणि दुसरीकडे बघा.

जवळून बघू. लाल ई९ वर पण यावेळी निळा डी९ आणि एफ९ दोन्हीकडे बसलाय. लालचे प्लॅन आता, एक, ई१० आणि मग ई११ किंवा डी११. दोन, डी१० आणि मग डी११ किंवा सी११. तीन, थेट डी११ वर ब्रिज, मधे डी१० आणि ई१०. तिन्हींत कॉमन काय? फक्त डी११. एकच घर. म्हणजे निळ्याने इथे विचार करत दहा मिनिटं घालवायची गरजच नाही, डी११ किंवा मग काही नाही. ई१० ला खेटून अडवावंसं वाटतं, हात तिकडेच जातो, पण ई१० ला लाल डी१० खेळतो आणि संपलं.

निळा डी११ खेळला. मग लाल अडला का? अडला नाही, पण जिंकलाही नाही. इथून शिडी सुरू होते.

शिडी

लाल ई१० खेळतो, ई११ ची धमकी. निळा ई११. लाल एफ१०, एफ११ ची धमकी. निळा एफ११. लाल जी१०, निळा जी११. असं उजवीकडे धावत जायचं, लाल दुसऱ्या ओळीत, निळा पहिल्या ओळीत. पुढे काहीच नसेल तर हे के१० पर्यंत जातं, निळा के११ ला बसतो आणि लालचा बट्ट्याबोळ, कारण निळ्याची ती अख्खी खालची रांग उजव्या काठाला पोचली, आणि डी११ डावीकडे जोडलेली असेल तर निळा जिंकलाच.

आता समजा वाटेत लालची एक सोंगटी आय१० वर आधीच आहे आणि तिच्याखाली एच११ आणि आय११ मोकळे आहेत. शिडी धावत एच१० पर्यंत आली, निळा एच११ ला बसला, पण एच१० तर आय१० ला चिकटलेली आहे, लाल आय११ खेळतो आणि काठ गाठला. ही आय१० म्हणजे एस्केप. शिडी ज्या दिशेला धावणार त्या दिशेला तुमची काठाला स्वतंत्रपणे जोडलेली एक सोंगटी हवी, इतकीच अट. तिसऱ्या ओळीत झिगुरातची जागा असलेली सोंगटीही चालते, फक्त शिडी येताना तिच्या जागेतली घरं खात येते का ते बघा.

लक्षात घ्या, वरच्या उदाहरणात लालला डावीकडेही शिडी होती. डी१० खेळून सी११ ची धमकी, निळा सी११, मग सी१०, निळा बी११, असं. म्हणजे डी११ नंतर लालकडे दोन दिशा आहेत आणि निळ्याला दोन्हीकडची काळजी. म्हणून मी म्हणते की निळ्याने डी९-एफ९ अशी दोन्ही बाजूंनी कोंडी करताना खुश व्हायचं नाही, कोंडी झाली तरी शिडी मिळतेच, आणि शिडी कुठे जाते हे त्याआधी बघितलेलं हवं.

आणि इथेच तो माझा जुना आजार. शिडी दिसली की मी लगेच धावायला लागायचे. टक टक टक टक, फोर्सिंग चाली आहेत ना, समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं अशा, मजा येते, आपण अॅटॅक करतोय असं वाटतं. पुढे एस्केप नाही हे सहाव्या चालीला कळायचं. तोपर्यंत निळ्याची रांग तयार. शिडी धावायची नसते, ठेवून द्यायची असते! ती कुठे पळून जात नाही. आधी एस्केप तयार करा, मग धावा.

पण एस्केप तयार करायला एक चाल लागते आणि त्या चालीत समोरचा शिडीचं तोंडच बंद करेल, मग काय? बरोबर, म्हणून एस्केपची चाल अशी हवी की ती स्वतःच दुसरी काहीतरी धमकी देते. समजा उजवीकडे तुमचा वरच्या काठाला जोडलेला एक ग्रुप आहे आणि त्याच्या खाली तुम्ही अशी सोंगटी ठेवली की तिला त्या ग्रुपशी जोडून वरून खाली पूर्ण करता येतं, आणि तीच सोंगटी शिडीसाठी एस्केपही आहे. निळ्याने वरून तोडलं तर तुम्ही शिडी धावता. शिडी बंद केली तर तुम्ही वर जोडता. हा फोर्क, आणि मधल्या लेव्हलला निम्मे डाव यावर सुटतात असं माझं निरीक्षण आहे. चांगले खेळाडू दहाव्या-बाराव्या चालीलाच कोपऱ्यापाशी एखादी सोंगटी टाकून ठेवतात, आपल्याला वाटतं हा तिकडे काय करतोय, आणि तीस चालींनी कळतं काय करत होता ते.

तिसऱ्या ओळीतली शिडी म्हणजे तुम्ही तिसऱ्या ओळीत आणि समोरचा दुसऱ्या ओळीत असा प्रकारही असतो. त्यात एक सोंगटी पुढे आहे म्हणजे सुटलो असं गृहीत धरू नका, शिवाय समोरचा मधेच एक पायरी सोडून तुम्हाला दुसऱ्या ओळीच्या शिडीत उतरवू शकतो. प्रत्येक वेळी वरची यादीवाली मोजणी करा.

शिडी मोडायची कशी

आता खुर्ची बदलू, आपण निळे. लालची ई९ झिगुरातने काठाला जोडलेली आहे, आणि उजवीकडून लालची दुसरी शिडी डावीकडे धावत येणार असं दिसतंय. ती ई९ पर्यंत पोचली की आपण गेलो. आपण आत्ताच, शिडी सुरू व्हायच्या आधी, एफ१० ला घुसायचं. लालला उत्तर द्यावंच लागतं, तो डी१० किंवा ई१० खेळून काठ वाचवेल, वाचवू दे. आपली एफ१० आता फुकटात तिथे बसली. नंतर शिडी आली, लाल एच१०, निळा जी११, लाल जी१०, निळा एफ११, आणि पुढचं घर एफ१० आपलं. लाल आता जी९ खेळला तर आपण एफ९, तो एफ९ खेळला तर आपण जी९. वर त्याला आणखी कुठून मदत नसेल तर तुटलं.

हेच शिडी सुरू झाल्यावर केलं तर? लाल प्रत्येक चालीला धमकी देत येतोय, आपल्याला एफ१० खेळायला मोकळी चाल मिळतेच कुठे. टायमिंगचा खेळ आहे सगळा.

पण याचा उलटा अतिरेकही करू नका. समोरच्याच्या प्रत्येक ब्रिजमधे घुसून बघायची सवय असते काहींना, "उत्तर तर द्यावंच लागतं त्याला, माझं काय जातंय". जातं ना. ब्रिजची दोन घरं असतात, तुम्ही कुठल्या घरात घुसायचं हा तुमचा चॉइस असतो, आणि तो चॉइस पुढे कधीतरी सोन्याच्या भावाचा ठरतो. आत्ताच घुसून तुम्ही तो वापरून टाकला, वर त्याची साखळी घट्ट करून दिली. घुसायचं तेव्हा घुसा जेव्हा ती सोंगटी आणखी एक काम करणारे, एफ१० सारखं.

कुठला दुवा कच्चा

चाल सुचत नसेल तेव्हा मी काय करते ते सांगते. समोरच्याचा वरून खाली सगळ्यात चांगला रस्ता डोळ्यांनी आखते आणि त्यातला सगळ्यात कच्चा सांधा शोधते. मग स्वतःचाही तसाच. दोन्ही कच्चे सांधे पटावर एकाच भागात येत असतील तर चाल तिथेच असते, शोधत बसायला नको.

इथे विजेची उपमा छान बसते. क्लॉड शॅनन, तेच इन्फर्मेशन थिअरीवाले, यांनी १९५० च्या सुमारास हेक्स खेळणारं यंत्र बनवलं होतं, आणि ते पटाकडे विजेच्या सर्किटसारखं बघायचं. आपण डोक्यात तसं करू शकतो. दोन समांतर वाटा असतील तर करंट सहज जातो, एकच अरुंद वाट असेल तर अडतो. तुमच्या साखळीत समांतर वाटा कुठे नाहीत, सगळा करंट एकाच तारेतून कुठे जातोय, ती तार समोरचा कापणार. तो कापायच्या आधी बाजूला दुसरी तार टाका, आणि ती टाकताना त्याची एखादी तार कापली गेली तर सोन्याहून पिवळं.

एक गोष्ट सारखी विसरली जाते. मेलेली घरं. एखाद्या घरात तुम्ही खेळा किंवा समोरचा खेळू दे, निकालात काडीचा फरक पडत नाही अशी घरं असतात, चारी बाजूंनी सोंगट्यांनी घेरलेल्या बेचक्यांमधे विशेषतः. तिथे खेळणं म्हणजे पास देणं. आणि हेक्समध्ये पास देणं फार महाग पडतं.

पहिली चाल आणि स्वॅप

हे पटकन आटपते कारण यावर लोक नको इतका वेळ घालवतात. हा खेळ पीट हाइन यांनी १९४२ मध्ये डेन्मार्कमध्ये आणला, पॉलिटिकेन नावाच्या वर्तमानपत्रात पॉलिगॉन नावाने छापून आला, नंतर १९४८ मध्ये जॉन नॅश यांना प्रिन्स्टनमध्ये तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला, आणि हेक्स हे नाव १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्सनी पट बाजारात आणला तेव्हाचं. नॅश यांनी दाखवलं की पहिला खेळाडू अचूक खेळला तर तोच जिंकतो. कसं जिंकतो ते मात्र त्या सिद्धतेतून कळत नाही, फक्त जिंकतो एवढंच. ९ बाय ९ पर्यंतच्या पटावर प्रत्येक पहिल्या चालीचा निकाल कॉम्प्युटरने २०१३ पर्यंत काढून ठेवलाय, पण त्याने आपल्याला ११ बाय ११ वर काही फुकट मिळत नाही.

पहिल्याला एवढा फायदा म्हणून स्वॅप रूल. पहिली चाल बघून दुसरा खेळाडू म्हणू शकतो की ही चाल माझी. त्यामुळे मधे ओपन करू नका, समोरचा घेऊन टाकेल. समोरच्याने मधे ओपन केलं तर तुम्ही घ्या, विचारही करू नका. टोकदार कोपरा, म्हणजे ए१, ही पहिली चाल हरणारी आहे हे सिद्ध झालंय, ती कुणी खेळला तर स्वॅप करू नका. दोघांनाही साधारण सारखीच संधी देणाऱ्या पहिल्या चाली काठाजवळच्या काही घरांत असतात, दोन-तीन निवडा आणि त्याच सतत खेळा, म्हणजे त्यातून येणाऱ्या पोझिशन ओळखीच्या होतील. आणि हो, काही साइटवर स्वॅप केल्यावर रंग बदलतात, काहींवर सोंगटी आरशात उलटी होऊन तुमच्या रंगात येते. पहिल्यांदा दुसऱ्या प्रकारच्या साइटवर गेले तेव्हा मी तीन चाली चुकीच्या दिशेला जोडत होते, समोरचा बिचारा काही बोलला नाही.

सराव

हरलेला डाव उघडा आणि शेवटून मागे या, एकेक चाल. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, इथे मी दुसरं काही खेळले असते तर वाचले असते का, यादीवाली मोजणी करून. जिथे पहिल्यांदा "हो" येतं ती तुमची खरी चूक. माझ्या बाबतीत ती चाल जवळजवळ नेहमी मला वाटत होती त्याच्या आठ-दहा चाली आधी निघायची, आणि तेव्हा मी काठापासून लांब कुठेतरी, मधे, एखादा दिसायला सुंदर ब्रिज बांधत बसलेली असायचे.

हे दहा डावांचं करा, मग एक काम आणखी. ई९ ला लाल, डी९ आणि एफ९ ला निळा, डी११ ला निळा अशी मांडणी लावा, लालची चाल, आणि उजवीकडे एक लाल सोंगटी वेगवेगळ्या घरांत ठेवून बघा कुठल्या घरातून शिडी सुटते आणि कुठल्या घरातून नाही. आय१० सुटते हे आपण बघितलं. के१० करून बघा, आय९ करून बघा, मग आय९ च्या शेजारी एच१० ला एक निळी टाकून बघा.